खानदेशातला डिसेंबर: भरीत, मफलर आणि घोड्यांची झूल

गुरुवार, जळगाव

पुण्यात खानदेशी माणूस भेटला की लोक आधी उन्हाचं विचारतात. ‘तुमच्याकडे पंचेचाळीस जातो म्हणे?’ जातो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला दुपारी एकनंतर रस्ते ओस पडतात, हे खरंच आहे. पण या एका पाऱ्यानं आमच्या मुलखाची बाकीची सगळी ओळख गिळून टाकली आहे. पाहुणे येतात ते मे महिन्यातल्या लग्नाला, घामाघूम होतात, आमरस खातात आणि ‘कसे राहता हो इथे’ म्हणत परत जातात. अजिंठ्याची लेणी जळगावहून जवळ, तरी तेसुद्धा संभाजीनगरच्या बाजूनं उरकतात.

माझी बायको कोल्हापूरची. लग्नानंतर तिनं सासर पाहिलं ते फक्त उन्हाळ्यात. या वर्षी म्हटलं, चार रजा वाया गेल्या तरी चालतील, डिसेंबर दाखवू. दत्तजयंतीनंतरचा आठवडा धरला, कारण त्याच सुमारास सारंगखेड्याची घोड्यांच्या बाजाराची यात्रा भरते.

गाडीतून पहाटे उतरलो तेव्हा तिनं पहिल्यांदा अंगावरची ओढणी कानावर घेतली. उत्तरेकडून वारं सुटलं की इथे पारा आठ-नऊ अंशांवर येतो. स्टेशनबाहेर सगळे रिक्षावाले कानटोपीत, त्यावर मफलर, मफलरची दोन्ही टोकं स्वेटरच्या आत. चेहऱ्याचा जेवढा भाग भाडं सांगायला लागतो तेवढाच उघडा. भाडं मात्र उन्हाळ्याइतकंच चढं.

जळगावची हिवाळी वेशभूषा हा एक स्वतंत्र विषय आहे. आमचे अण्णा पांढरा शर्ट, त्यावर बिनबाह्यांचा स्वेटर, डोक्यावर गांधी टोपी आणि टोपीवरून हनुवटीखाली गाठ मारलेला मफलर अशा थाटात फाटकाशी उभे होते. पायात चपला. पायमोजे घालायला ते तयार नाहीत. थंडी कानातून शिरते, पायातून नाही, असं त्यांचं शास्त्र आहे. कॉलेजची मुलं जॅकेट घालून चेन उघडी ठेवतात, म्हणजे आतला टी-शर्ट दिसतो. सकाळी फिरायला निघालेल्या बायका साडीवर घरातल्या पुरुषाचा स्वेटर चढवतात, वर शाल घेतात आणि खाली पांढरे बूट. दिवाळी झाली की तिबेटी विक्रेत्यांची स्वेटरची दुकानं लागतात आणि होळीच्या आधी उठतात. त्यांच्याकडे घासाघीस चालत नाही, हे माहीत असूनही आई दरवर्षी करते.

बायकोनं विचारलं, ‘मी कुठला स्वेटर घेऊ?’ आईनं उत्तर न देता गोधडी आणून दिली. आजीच्या जुन्या लुगड्यांची, हातानं दोरे घातलेली. धुऊन धुऊन इतकी मऊ झालेली की गालाला लागली तरी टोचत नाही. शिवाय पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून नवी भरून घेतलेली रजई होतीच. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात लोकरीचं कौतुक मुळातच कमी. दुपारी बारानंतर ऊन असं चटकतं की सकाळचे सगळे थर एकेक करून खुर्चीच्या पाठीवर जमा होतात, आणि पाच वाजता पुन्हा उलट्या क्रमानं अंगावर येतात.

संध्याकाळी बळीराम पेठेत वांगी बघायला गेलो. बघायलाच म्हणायचं, कारण ही वांगी बघण्यासारखी असतात. फिकट हिरवी, त्यावर पांढरट झाक, एकेक हातभर नसलं तरी दोन तळव्यांत मावणार नाही असं. बी कमी, गर फार. ‘जळगावचं भरिताचं वांगं’ म्हणून त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, जळगावच्या केळीला मिळालं त्याच वर्षी. भाजीवालीला मानांकनाशी देणंघेणं नाही. ती एवढंच म्हणाली, ‘बामणोदचं आहे, घ्या.’ तिच्या लेखी बामणोद म्हटल्यावर पुढे बोलायचं काही उरत नाही. आम्ही घेतलं नाही, कारण उद्या बामणोदच्याच रस्त्यानं मामाकडे जायचं होतं आणि मामाच्या घरी बाजारातली वांगी नेणं म्हणजे भांडणाला निमंत्रण.

रात्री शेवभाजी खायला बाहेर. इथे कोल्हापूर विरुद्ध खानदेश असा सामना होणार हे ठरलेलंच. तिकडे तांबडा रस्सा, इकडे काळा: कांदा आणि सुकं खोबरं पार काळपट होईपर्यंत भाजायचं, खडे मसाले तेलात परतायचे, सगळं वाटून तेल सुटेपर्यंत शिजवायचं, आणि जाड तिखट शेव ताटात आल्यावरच रश्श्यात सोडायची. आधी सोडली तर लगदा होतो. पहिल्या घासाला ती म्हणाली, ‘तिखट नाही फार.’ चौथ्या घासाला नाक पुसलं. आमचं तिखट जरा उशिरा पोचतं.

शुक्रवार, आसोदा ते फैजपूर

अण्णांची जुनी गाडी घेऊन निघालो. आसोदा जळगावला लागूनच. बहिणाबाई चौधरींचं हे माहेर. १८८० साली त्या इथे जन्मल्या. शाळेची पायरी न चढलेली ही बाई आज विद्यापीठाच्या नावात आहे, आणि आसोद्याच्या शेतांतून जाताना ते मला मुळीच आश्चर्याचं वाटत नाही. रस्त्याकडेला कापूस वेचणाऱ्या बायका दिसल्या. साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला घट्ट रुमाल, कमरेला कापूस टाकायची ओटी. कपाशीची वाळलेली बोंडं हाताला ओरखडे काढतात म्हणून तो शर्ट, आणि सकाळच्या गारठ्यालाही तोच. शहरात ‘ओव्हरसाइज’ म्हणून विकतात तो हाच कट, असं बायको म्हणाली.

भुसावळ ओलांडलं, तापी ओलांडली आणि केळी सुरू झाली. इथून पुढे रावेरपर्यंत तुम्ही कुठेही बघा, केळीच. लागवडीच्या हंगामाप्रमाणे बागांना नावं: पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेली ती मृगबाग, पावसाळा सरता सरता लावलेली ती कांदेबाग. मामांची कांदेबाग गुडघाभर आली होती आणि मृगबाग डोक्यावर.

केळीला थंडी सोसत नाही, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. पारा दहाच्या खाली रेंगाळला की पानं पिवळी पडतात, नवीन पान निघायला वेळ लागतो, घड भरत नाही. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत आम्ही जशी माणसांना टोपरी घालतो तशी बागेचीही काळजी घ्यावी लागते. निसवलेल्या, म्हणजे झाडातून बाहेर पडलेल्या, घडांवर पिशव्या चढवतात. स्कर्टिंग बॅग म्हणतात त्यांना. बांधावर उंच गवत किंवा शेवरी लावून वारा अडवतात. गार रात्री ओला काडीकचरा पेटवून बागेत धूर कोंडतात. आणि पाणी रात्री देतात, कारण विहिरीचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा उबदार असतं. ‘एरवी रात्रीची लाइट मिळते म्हणून आम्ही शिव्या देतो,’ मामा म्हणाले. ‘या दोन महिन्यांत देत नाही.’

दुपारी फैजपुरात चक्कर मारली. केळीचे वेफर तळणाऱ्या कढया रस्त्यावरच. कारागीर कच्चं केळं किसणीवर धरून थेट उकळत्या तेलावर सरसर फिरवतो, मध्येच मिठाचं पाणी मारतो, तेल फुत्कारतं, तो बघतही नाही. गरम वेफर्सचा कागदी पुडा घेऊन आम्ही १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनाची आठवण काढत फिरलो. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, आणि गांधीजींच्या सांगण्यावरून मंडपनगरी सजवायला शांतिनिकेतनहून नंदलाल बोस आले होते. बांबूसारखं गावातलंच साहित्य वापरून त्यांनी ते काम केलं. तेही डिसेंबरातच, अगदी शेवटच्या आठवड्यात. हजारो माणसं या गारठ्यात शेतांत मुक्कामाला होती. त्या लोकांनी भरीत खाल्लं की नाही, याची नोंद कुणीतरी ठेवायला हवी होती.

आणि मग रात्र, ज्यासाठी आलो होतो ती.

भरीत पार्टी हा शब्द पुण्यात सांगितला की लोकांना वाटतं हॉटेलातला काहीतरी प्रकार. खरी पार्टी शेतात, उघड्यावर, अंधार पडल्यावर. मामांचा हिशोब माणशी पाऊण किलो वांगी. वीस-बावीस माणसं होती, म्हणजे पोतंच. कपाशीच्या आणि तुरीच्या वाळलेल्या काड्यांचा थर, त्यावर देठासकट वांगी, त्यावर पुन्हा काड्या, आणि पेटवून दिलं. या काड्यांचा जाळ भडभड पेटतो आणि लवकर बसतो. वांग्याला तेवढंच हवं असतं. लाकडाच्या मंद निखाऱ्यावर ते उकडतं, भाजत नाही. साल काळी ठिक्कर पडून तडकली, आत पाणी फुसफुसायला लागलं की लांब काठीनं बाजूला ओढायचं. त्याच विस्तवात हिरव्या मिरच्या.

सोलायचं काम सगळ्यांचं. परातीभोवती उकिडवं बसायचं, शेजारी पाण्याचा तांब्या, बोटं पोळली की बुडवायची. वांगं मात्र पाण्याखाली धरायचं नाही, धुराचा वास जातो. देठ हातात धरून साल ओढली की गर सोललेल्या केळ्यासारखा मोकळा होतो. मामी बायकोला म्हणाल्या, ‘सूनबाई, नखं लावू नका, नुसता अंगठा फिरवा.’ सूनबाईंनी अंगठा फिरवला आणि पुढची दहा मिनिटं तो तांब्यात ठेवला.

मग लाकडाच्या खोलगट भांड्यात मिरच्या, लसूण, मीठ आधी ठेचून घेतलं, त्यावर वांगी टाकून लाकडी मुसळानं ठेचत राहिले. दोन तरुण पोरं आळीपाळीनं. मिक्सरमध्ये गर फिरवला तर त्याची पेस्ट होते; इथे धागा राहतो. शेवटी तेलात शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे काप तळून, त्यात कांद्याची भरपूर पात परतून ते सगळं भरितावर ओतलं आणि वर कोथिंबीर. हळद नाही, गरम मसाला नाही. टोमॅटोचा विषय मी मुद्दाम काढला. मामांनी मला असं पाहिलं की जणू जमिनीच्या वाटणीचं विचारलं.

सोबत कळण्याच्या पुऱ्या. ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळायचे, पिठात मीठ, तो कळणा. त्याची भाकरीही होते, पण शेतात पुऱ्या, कारण थापणाऱ्या-तळणाऱ्या बायका कढईभोवती बसतात आणि तीच सगळ्यांत उबदार जागा असते. पुरी जरा कोरडी, करकरीत, उडदामुळे खमंग. केळीच्या पानावर भरिताचा ढीग, मुळा, कच्चा कांदा, आणि हव्या तेवढ्या पुऱ्या. कुणी कुणाला आग्रह करत नव्हतं, कारण आग्रहाची गरजच नव्हती.

जेवण झाल्यावर कुणी उठेना. उरलेल्या काड्यांची शेकोटी झाली, तिच्याभोवती गप्पा: केळीचा भाव, व्यापाऱ्यानं कापणीला लावलेला उशीर, कुणाच्या मुलाचं कॅनडाचं जमलं. मामांकडची लेवा बोली बायकोला निम्मीच कळत होती, पण हसायचं कुठे ते बरोबर कळत होतं. रात्री साडेदहाला पुढून भाजत आणि पाठीमागून गारठत बसलेली वीस माणसं पाहून ती म्हणाली, ‘तुम्ही मेमध्ये लग्नं का करता?’ याचं उत्तर कुणापाशी नव्हतं.

शनिवार, सातपुड्याच्या कडेनं

अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता सातपुड्याला खेटून जातो. उजवीकडे डोंगराची निळी रांग, डावीकडे केळी, मधून हरभरा आणि दादर. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बी ज्वारी, टपोरी आणि गोड. ती अजून निसवत होती, त्यामुळे हुरड्याला महिनाभर अवकाश. मला हुरड्याचं एवढं वेड नाही. लोक त्याच्या निमित्तानं शेव आणि चटण्याच जास्त खातात.

यावल ओलांडून आडगावजवळ आत वळलं की मनुदेवी. पावसाळ्यात इथला धबधबा जोरात असतो. डिसेंबरात बारीक धार उरते. पण आवारात चुली पेटलेल्या होत्या. नवस फेडायला आलेली कुटुंबं इथेच वरण-बट्टी रांधतात. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठाचे, ओवा-हळद घातलेले गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे. घरी करतात तेव्हा उकडून, काप करून तळतात, पण गोवरीवरच्या बट्टीला जो धुरकट कडकपणा येतो तो तळणीत येत नाही. एका अनोळखी कुटुंबातल्या आजींनी आम्हाला पंगतीत बसवलंच. ‘जेवाले चाला,’ एवढंच म्हणाल्या आणि पत्रावळ पुढे केली. बट्टी कुस्करली, वर तुरीचं वरण, तूप, बाजूला घोटलेली वांग्याची भाजी. हे जेवून कुणी लगेच गाडी चालवू नये. मी तासभर बाभळीखाली आडवा झालो.

दुपार कलल्यावर अडावदजवळ उनपदेव. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत जी भेग आहे तिच्या कडेनं उनपदेव, सुनपदेव, निझरदेव असे गरम पाण्याचे झरे आहेत. शरभंग ऋषींसाठी रामानं बाण मारून हे पाणी काढलं, अशी इथली कथा. गोमुखातून पाण्याची धार कुंडात पडते, वाफ निघत असते, गंधकाचा वास नाकाला जाणवतो. त्वचेचे विकार बरे होतात म्हणून लोक लांबून येतात. त्यावर माझं काही म्हणणं नाही. थंडीत सातपुड्याचं वारं अंगावर घेऊन गरम पाण्याखाली उभं राहायला विकार असावाच लागतो असं नाही. खरी परीक्षा बाहेर पडल्यावर. टॉवेल गाडीत ठेवू नये, हातात ठेवावा, आणि कपडे बदलायच्या जागेची फार अपेक्षा धरू नये.

मुक्काम चोपड्याला आत्याकडे. आत्यानं मांडे करायला घेतले होते. खापरावरची पुरणपोळी म्हणजे मांडा, आणि तो शिकायला आयुष्य जातं असं आत्याच सांगते. भरपूर मळून सैल केलेली कणीक, तिच्यात तिच्याहून जास्त पुरण, आणि मग लाटणं नाहीच: दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, पोळी फिरवत फिरवत वाढवत न्यायची. चुलीवर मातीचं खापर पालथं घातलेलं असतं, त्यावर ती अलगद सोडायची. क्षणात फुगे येतात. उन्हाळ्यात हे आमरसाबरोबर खातात. हिवाळ्यात कोमट दूध आणि तूप. मला विचाराल तर हिवाळ्याचंच बरोबर आहे; आमरसाबरोबर दोन गोड एकमेकांशी भांडतात. आत्याला हे पटत नाही. तिनं सत्तर उन्हाळे ते खाल्लं आहे.

झोपताना आत्यानं विचारलं, ‘घोंगडी देऊ की रजई?’ बायको म्हणाली दोन्ही.

रविवार, सारंगखेडा

शिरपूर, शहादा करत सारंगखेड्याला पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. नंदुरबार जिल्हा १९९८ साली वेगळा झाला; त्याआधी हे सगळं धुळ्यात, आणि १९०६ पर्यंत तर अख्खा खानदेश एकच जिल्हा. सारंगखेडा तापीच्या काठावर. एकमुखी दत्ताचं मंदिर, आणि दत्तजयंतीपासून पुढे चालणारा घोड्यांचा बाजार.

घोड्यांचा बाजार मी लहानपणी अण्णांच्या खांद्यावरून पाहिला होता. आता गावाबाहेर तंबू आहेत, सरकारी महोत्सव आहे, सेल्फीचे कोपरे आहेत. ते टाळून थेट बाजाराच्या मैदानात शिरावं. मारवाडी, काठेवाडी, पांढरे नुकरा. कान टोकाशी एकमेकांना भिडलेले म्हणजे मारवाडी किंवा काठेवाडी, हे तेवढं मलाही ओळखता येतं. सकाळच्या गारठ्यामुळे बहुतेकांच्या अंगावर झुली होत्या. कुणाची गोणपाटाची, कुणाची चक्क जुन्या रजईची, आणि राजस्थानहून आलेल्या एका उमद्या घोड्याची गडद लाल मखमली, कडेला जर. मालकाच्या अंगावर मात्र बाही उसवलेला स्वेटर. घोडा लाखांचा असला की पैसा कुठे घालायचा हे स्पष्टच असतं.

ऊन चढलं तशा झुली उतरल्या आणि खरा बाजार सुरू झाला. गिऱ्हाईक आधी दात बघतं, मग खूर, मग अंगावरचे भोवरे. भोवऱ्यांचं शास्त्र मोठं आहे: गळ्याखालचा देवमण शुभ, आणखी कुठला तरी अशुभ, आणि त्या एका भोवऱ्यापायी चांगला घोडा पडून राहतो. चारी पाय आणि कपाळ पांढरं म्हणजे पंचकल्याणी. त्याला वरातीसाठी हमखास मागणी. मग चाल. मालक घोड्यावर मांड टाकून मैदानात फेरी मारतो आणि रवाल चाल दाखवतो. पाठीवर बसलेल्याच्या हातातल्या पेल्यातलं पाणी हिंदकळू नये अशी ती चाल असते, असं एक म्हातारे व्यापारी सांगत होते. पेला कुणी आणला नाही, पण मालकाचा फेटा खरोखर हलत नव्हता.

साजाच्या दुकानांत बायकोनं जास्त वेळ काढला. लगाम, खोगीर, रिकिबी, घुंगरांचे पट्टे, लोकरीचे रंगीत गोंडे. तिनं गोंड्यांची एक जोडी घेतली, गाडीच्या आरशाला लावायला. दुकानदारानं विचारलं, ‘घोडा कोणता आहे?’ तिनं अण्णांच्या गाडीकडे बोट दाखवलं. त्यानं गाडीकडे नीट पाहिलं आणि पाच रुपये कमी केले.

शहादा-धडगावकडच्या डोंगरातून आलेल्या पावरा आदिवासी बायका गळ्यात, दंडात, पायात जाड चांदी घालून फिरत होत्या. भर थंडीत एवढं गार धातू अंगावर वागवायचं म्हणजे हौस पाहिजे. त्यांच्यामुळे यात्रेतल्या स्वेटरच्या दुकानांपेक्षा बांगड्या-मण्यांच्या दुकानांपुढे गर्दी अधिक होती.

खाण्याचं सांगायचं तर यात्रेत फार अपेक्षा ठेवू नये. गुळाची गोडीशेव घ्यावी, ती ताजी असते. जिलेबी कढईतून निघताना बघून घ्यावी. बाकी तंबूतल्या ‘स्पेशल खानदेशी थाळी’त मला पनीर दिसलं आणि मी उठलो. नदीच्या पुलाअलीकडे एका हातगाडीवर मिरचीची भजी आणि लसणाची कोरडी चटणी मिळाली, तिनं काम भागलं.

सोमवार, नंदुरबार आणि परत

गाडी चुलतभावाच्या हवाली केली. तो जळगावला नेणार होता. आम्ही नंदुरबारहून रेल्वे धरणार होतो, पण त्याआधी मिरची. नंदुरबार ही मिरचीची मोठी बाजारपेठ, आणि या दिवसांत गावाबाहेरची माळरानं लाल असतात. शेतातून आलेली ओली लाल मिरची पथारीवर पसरून वाळवतात. मैलभर आधीच वास येतो, अर्धा मैल राहिला की शिंका. पथारीवर काम करणाऱ्या बायकांचे फक्त डोळे दिसतात: तोंडाला दुहेरी रुमाल, वर पुरुषी शर्ट, हातात फावडं नाहीतर दाताळं. आसोद्याला कापसात दिसला तोच पेहराव, इथे तिखटासाठी. दिवसभर मिरची उलथवायची, आणि डोळे आभाळाकडे, कारण डिसेंबरात कधी कधी अवकाळी येतो आणि एका रात्रीत पथारी काळी पडते. आम्ही पाच मिनिटं उभे राहिलो. एकीनं हसून हातानंच ‘जा, जा’ केलं.

दुपारची गाडी. दोंडाईचा, नरडाणा, अमळनेर. अमळनेरला गाडी थांबली तेव्हा बायकोला सांगितलं की विप्रो इथे जन्मली, १९४५ साली, वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून. तिला ते खोटं वाटलं. तिनं फोनवर शोधलं आणि मग गप्प बसली. साने गुरुजी इथेच शिकवायला होते, हे सांगायची संधी मी लगेच साधली. धरणगाव येईपर्यंत माझं व्याख्यान चाललं, पुढे ती झोपली.

जळगावला आईनं पुण्यासाठी बांधाबांध करून ठेवली होती. वांगी वर्तमानपत्रात एकेक गुंडाळलेली, कळण्याचं पीठ, काळा मसाला, बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, आणि एक गोधडी. रात्रीच्या गाडीत शेजारच्या बर्थवरच्या काकांच्या पिशवीतही तीच वांगी होती. त्यांनी विचारलं, ‘पुण्यात भाजणार कशावर?’

‘गॅसवर,’ मी म्हणालो.

‘मग ती आमच्या पोराच्या सोसायटीच्या गच्चीवर आणा,’ काका म्हणाले. ‘वाघोलीत आहे. तुरीच्या काड्यांचा भारा गेल्या आठवड्यात ट्रकनं पाठवलाय.’

बायकोनं माझ्या आधी पत्ता लिहून घेतला.